माखलेले हात

कणीक मळावयास घेतली की घरातील लहान मूल पोळपाटाशी येऊन बसते, हा अनुभव आमच्या वाचकभगिनींस नवा नाही. ‘मला पण गोळा!’ ही मागणी त्या वेळी हटकून होते आणि बहुतेक घरांत ती पुरीही होते. त्या गोळ्याची मग चिमणी होते. तिला चोच येते, डोळ्यांच्या जागी दोन मोहऱ्या बसतात, आणि तव्याच्या कडेला भाजून निघाल्यावर जेवणाच्या पानात तिला मानाची जागा मिळते. लहान मुलांकरिता ‘हस्तव्यवसाय’ म्हणून काही निराळी वस्तू असते, हे आपल्या आज्यांस ठाऊक नव्हते. तथापि कणकेची चिमणी, दिवाळीतील मातीचा किल्ला आणि गणपतीच्या वेळी उरलेला शाडूचा गोळा यांवर आपल्या कित्येक पिढ्यांचे हात वळले, हे कोणासही नाकारता येणार नाही.

अलीकडे मात्र सुशिक्षित घरांत मुलांचे हात भरू न देण्याकडे कल दिसतो. फरशी गुळगुळीत झाली, अंगण गेले, आणि माती ही कुंडीपुरती उरली. मुलाचे बोट दिवसातून शेकडो वेळा मोबाइलच्या काचेवरून फिरते. पण काच मऊ होत नाही, ओली होत नाही, बोटाला चिकटत नाही आणि दाबली तरी आकार घेत नाही. अडीच ते सहा वर्षांच्या मुलास जगाची ओळख पुष्कळशी हातानेच होत असते. म्हणून घरच्या घरी, स्वयंपाकघरातील जिनसांतून करता येण्याजोगे काही माखामाखीचे उद्योग वाचकांपुढे मांडावे असे आम्ही योजिले आहे. परंतु त्याआधी आमच्या हातून घडलेला एक अपराध सांगणे प्राप्त आहे.

आमच्या थोरल्या बंधूंचा धाकटा मुलगा तेव्हा चार वर्षांचा होता. गणपतीनंतर उरलेल्या शाडूचा त्याने सकाळभर खपून हत्ती केला. आम्ही कचेरीतून आलो तेव्हा तो हत्ती ओसरीवर आमची वाट पाहत होता. त्यास पाय होते पाच, आणि सोंड म्हणजे कपाळावर चिकटविलेली एक सुपारीएवढी गोळी. आम्ही कौतुकाच्या भरात बोटे ओली केली, सोंड ओढून लांब केली, कान थापले, दोन सुळे बसविले आणि पाचवा पाय हलकेच काढून टाकला. वहिनी म्हणाल्या, “आता कसा खरा हत्ती झाला!” मुलगा काही वेळ उभा राहिला. मग म्हणाला, “हा काकांचा आहे,” आणि कोणी न सांगता हात धुवावयास निघून गेला.

त्यानंतर दोन महिने त्याच्या हाती माती दिली की तो गोळा आमच्यापुढे धरी व म्हणे, “तुम्हीच करा.” पाचव्या पायाचा उलगडा आमच्या मातोश्रींनी केला. तो पाय नव्हताच. आमचे तीर्थरूप काठी टेकून उठतात, आणि हत्तीही म्हातारा होता.

तेव्हापासून आमच्या घरी असा नियम आहे की मुलाच्या वस्तूस मोठ्या माणसाचे बोट लागावयाचे नाही. ‘हे काय केलेस?’ असेही विचारू नये, कारण पुष्कळदा ते काहीच नसते; मळणे हेच काम असते. मोठ्यांनी सामान मांडावे, जवळ बसावे, आणि विचारले तर मदत करावी.

आता पसाऱ्याचा प्रश्न. मुलांच्या स्वातंत्र्यावर व्याख्यान देणारे पुरुष आम्ही पुष्कळ पाहिले, किंबहुना आम्ही त्यांतलेच. परंतु नंतर फरशी कोणी पुसावयाची, याविषयी त्या व्याख्यानात एक अक्षर नसते. ज्या घरात हे काम न बोलता एकाच सुनेच्या वाट्यास येते, त्या घरात तिने मुलास ‘नको रे बाबा’ म्हटले तर तिला दोष देण्याचा कोणास अधिकार आहे? आमच्याकडे जो मांडील त्यानेच आवरावे असे ठरले, आणि रविवारी मांडण्याचे काम पुरुषांकडे आले. वेळ ठरली ती मुलांच्या स्नानापूर्वीची. ही युक्ती मातोश्रींची. एरवी सोवळ्याओवळ्यावरून जी कुरकुर झाली असती, ती स्नान नंतर असल्यामुळे आपोआप मिटली. खाली जुने मेणकापड आणि त्यावर वर्तमानपत्र पसरावे. मुलाच्या अंगात आजोबांचा जुना सदरा उलटा घालून गुंड्या पाठीशी लावाव्या. शेवटी प्रत्येक मुलाच्या हाती एक ओले फडके द्यावे. पुसणे हा मोठ्यांना जाच वाटतो. मुलांस तो खेळाचाच शेवटचा भाग वाटतो, हे आम्ही प्रत्यक्ष पाहिले आहे.

या सर्व उद्योगांत आमच्या घरी अत्यंत प्रिय झाला तो हळदीच्या कागदाचा. अर्ध्या वाटी पाण्यात चमचाभर हळद कालवावी आणि ते पाणी चित्रकलेच्या खडबडीत कागदावर मुलांनी तळहाताने फासावे. कागद सावलीत वाळवावा. मग वाटीत साबणाचे दाट पाणी करून द्यावे व काडीस कापूस गुंडाळून, किंवा नुसत्या बोटाने, त्या पिवळ्या कागदावर रेघ ओढावयास सांगावे. पाण्याला रंग नसतो, पण रेघ उमटते ती तांबडी! पहिल्या वेळी मुलांच्या तोंडाकडे पाहावे. कागदाकडे पाहण्याचे भान राहत नाही. त्या तांबड्या रेघेवर लिंबाच्या रसाचा थेंब टाकला की ती पुनः पिवळी होते. हळदीतील रंगद्रव्य क्षाराशी गाठ पडली की तांबडे होते आणि आम्लाने परत पिवळे होते, एवढेच यातील रहस्य. हळदीपासून कुंकू करण्याची जुनी रीत याच गुणावर उभी आहे. हळदीचा डाग साबण लावताच लाल का होतो, हे आमच्या भगिनींनी अनेकदा पाहिलेच असेल. तो डाग कडक उन्हात फिका पडतो, म्हणून सदऱ्याची चिंता नको, आणि कागद उन्हात वाळवू नये तो याचसाठी. मुलांचे पिवळे हात न्हाणीघरात साबण लागताच लाल होतात, ही मौज शिलकीत.

दुसरा उद्योग खळीच्या रंगांचा. एक वाटी मैद्यास तीन-चार वाट्या पाणी घालून, गुठळी होऊ न देता, मंद आचेवर ढवळावे. पारदर्शक झाले की उतरून पुरते निवू द्यावे. निरनिराळ्या वाट्यांत हळद, बिटाचा रस, पालकाचा रस घालावा. ही खळ उपड्या परातीवर पसरून मुलांनी पाची बोटांनी त्यात वाटेल ते गिरवावे. आवडेल त्या क्षणी वर कागद टेकवून उचलला की ठसा निघतो. न आवडले तर तळहाताने पुसले की परात पुनः कोरी. रंग टिकाऊ नाहीत आणि खळ दुसऱ्या दिवशी आंबते. पण या वयाच्या मुलास दुसऱ्या दिवसाची पर्वा असते कोठे? याच खळीत जून भेंडीचा कापलेला देठ बुडवून कागदावर टेकविला की पाच पाकळ्यांचे फूल उमटते.

येथे एक आक्षेप येतो, आणि तो आमच्याच घरात आला. ‘अन्नाशी खेळ कशाला?’ असे मातोश्रींनी विचारले. प्रश्न रास्त आहे. आम्ही त्यावर वाद घातला नाही. डब्याच्या तळाशी राहिलेला, खाण्यास टाकाऊ ठरलेला मैदाच यासाठी चाळून ठेवतो. भाजी चिरताना निघालेल्या देठांवर काम भागवितो.

त्याच मैद्याचा मिठातला गोळाही होतो. दोन वाट्या मैद्यास एक वाटी बारीक मीठ आणि भिजेल इतपत, सुमारे वाटीभर, पाणी घ्यावे. या गोळ्याच्या वस्तू सावलीत वाळून घट्ट होतात व मिठामुळे लवकर बिघडत नाहीत. मात्र पावसाळ्यात मीठ हवेतील ओल ओढते आणि चित्रे घामेजतात, म्हणून कोरड्या दिवसांतच हे करावे. हा गोळा खाण्याचा नव्हे, हे मुलांस नीट समजावून द्यावे. इतके मीठ पोटात जाणे लहान मुलास घातक आहे. जे मूल सर्व काही तोंडात घालते, त्यास चिमणीची कणीकच बरी. अमेरिकेत भिंतीवरील कागदाची काजळी पुसण्याकरिता पीठ, मीठ व पाणी यांचा असाच एक लगदा विकत असत. एका बालवाडीच्या शिक्षिकेने तो मुलांस खेळावयास दिला, आणि १९५६ साली तोच ‘प्ले-डो’ या नावाने डब्यांतून बाजारात आला. आपल्याकडील पोळपाटाच्या कडेला जे फुकट मिळत होते, ते असे विकत मिळू लागले!

मुलांच्या साधनांस पैसाच लागतो असे नाही, हे आपल्याकडे प्रत्यक्ष करून दाखविले ते ताराबाई मोडक यांनी. गिजुभाई बधेका यांच्यासमवेत १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ काढल्यानंतर १९४५ साली त्यांनी बोर्डीस ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले. अनुताई वाघ त्यांना तेथेच येऊन मिळाल्या. शहरातील बालमंदिराची महाग साधने खेड्यात परवडणारी नव्हती. तेव्हा माती, पाने, बिया, शिंपले हीच त्यांनी साधने केली. मुले शाळेत येत ना, म्हणून शाळाच मुलांच्या अंगणात नेली, आणि ‘अंगणवाडी’ हा शब्द पुढे देशभर गेला.

काही गोष्टी मात्र कटाक्षाने वर्ज्य कराव्या. खाण्याचा चुना मुलांच्या जवळपासही नसावा. डोळ्यात गेल्यास दृष्टीस अपाय होतो. बाजारातील रांगोळीचे रंग, गुलाल, कुंकू यांत काय मिसळले असेल याची खात्री देता येत नाही, म्हणून ते लहानांच्या हाती देऊ नयेत. आणि हात धुण्यासाठी भरलेल्या बादलीपाशी मुलास क्षणभरही एकटे सोडू नये.

शेवटचा उद्योग आजीबाईंच्या राज्यातला. रद्दी वर्तमानपत्रे फाडून दोन दिवस पाण्यात भिजत घालावी. फाडण्याच्या कामास दोन वर्षांचे मूलही चालते, किंबहुना तेच उत्तम चालते. मग लगदा कुटावा, पिळावा आणि रात्री भिजविलेली मेथी वाटून त्यात मळावी. मेथीने लगदा चिकट होतो, आणि तिच्या कडूपणामुळे किडे लागत नाहीत असे जुन्या बायका सांगत. उपड्या वाटीवर ओले फडके घालून त्यावर हा लगदा थापावा व तीन-चार दिवस उन्हात ठेवावा. या कामास चार दिवस लागतात, हाच त्याचा गुण. मूल रोज सकाळी उठून ‘वाळली का?’ म्हणून बोट लावून पाहते. छपाईच्या शाईमुळे अशा वाटीत खाण्याचा पदार्थ ठेवू नये.

हत्तीवाल्या आमच्या पुतण्याने गेल्या उन्हाळ्यात अशी एक वाटी केली. ती एका बाजूस कलती आहे आणि तिच्या काठावर एका बातमीचा अर्धा मथळा अजून वाचता येतो. मातोश्री तीत कापसाच्या वाती ठेवतात. परवा तो काठ थोडा घासून सारखा करावा अशा हेतूने आम्ही वाटी उचलली, तोच माजघरातून आवाज आला, “काका, हात लावू नका.”