मे महिन्यात पाणी कोण घालणार?

रमजानमध्ये असरच्या नमाजनंतर आमच्या इमारतीतल्या कुठल्याही स्वयंपाकघरात डोकावून पाहा. कलिंगड चिरून झालेलं असतं, भज्यांसाठी कांदे सोलून ठेवलेले असतात, पपईच्या, केळ्यांच्या, लिंबांच्या साली, पुदिन्याच्या काड्या, खजुराच्या बिया. दस्तरखान भरत जातो तशी ओट्याखालची कचऱ्याची पिशवीही भरत जाते. रात्री 28 घरांच्या 28 पिशव्या जिन्याखाली येऊन पडतात. दुसऱ्या दिवशी नाकाला ओढणी लावून आपण त्याच जिन्यावरून उतरतो आणि भाजीवाल्याकडून पुदिन्याची जुडी विकत आणतो. काल ज्या काड्या फेकल्या, त्याच ओल्या मातीत खोचल्या असत्या तर पंधरा दिवसांत त्यांना पानं फुटली असती.

मी शाळेत शिकवते. मुलांना "वनस्पतींचे भाग" शिकवताना दरवर्षी एक अनुभव येतो. भेंडी झाडाला लागते की वेलाला, हे वर्गातल्या निम्म्या मुलांना सांगता येत नाही. दोष त्यांचा नाही. त्यांनी भेंडी पाहिली ती हातगाडीवर किंवा ताटात. आपल्याकडे ठाणे-मुंबईत येणारी बरीचशी भाजी नाशिक-पुण्याकडून ट्रकने रात्रीतून येते. ती कुणी पिकवली, कशावर पिकवली, हे विचारायची सवयच आपली गेली.

2019 साली केंद्र सरकारने शाळांमध्ये पोषण बागा लावण्याच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. आपल्याकडे त्याला परसबाग म्हणतात. आम्हीही उत्साहाने परसबाग केली. पालक, मेथी, लाल माठ, टोमॅटो. मुलांनी वाफे केले, पाट्या रंगवल्या, पालकांनी फोटो काढले. मेथीची भाजी खिचडीबरोबर मुलांच्या ताटात पडली तेव्हा ज्यांनी घरी कधी मेथी खाल्ली नव्हती त्यांनीही मागून घेतली. मग वार्षिक परीक्षा आल्या, सुट्टी लागली. जूनमध्ये शाळेचं फाटक उघडलं तेव्हा तिथे फुफाटा, वाळलेल्या काटक्या आणि रंगवलेल्या पाट्या होत्या. "टीचर, आपलं टोमॅटो कुठंय?" असं एका चौथीतल्या मुलीने विचारलं. तिला काय सांगावं ते मला सुचलं नाही.

त्या पावसाळ्यात मी जरा वाचन केलं, चार ठिकाणी जाऊन आले. अशा बागा सगळ्यांच्या मरतात का? काही जगतात, तर कशाने जगतात? हा शोध घेताना एक गोष्ट सापडली, ती आपल्या मुंबईचीच आहे.

मुंबईच्या गोदीत पोर्ट ट्रस्टचं मध्यवर्ती स्वयंपाकघर होतं. रोज सुमारे 3,000 कामगारांचं जेवण तिथे शिजायचं. एवढ्या स्वयंपाकाचा ओला कचरा किती होत असेल याचा अंदाज आपल्यासारख्या गृहिणींना लगेच येईल. या स्वयंपाकघराची जबाबदारी प्रीती पाटील यांच्याकडे होती. 2002 च्या सुमारास त्यांनी हा कचरा बाहेर पाठवायच्या ऐवजी वर, म्हणजे गच्चीवर न्यायचं ठरवलं. सुमारे 3,000 चौरस फुटांच्या त्या गच्चीवर हळूहळू भाज्या आल्या, मग पेरू आणि चिकूसारखी फळझाडंही उभी राहिली. खाली साल निघायची आणि वर तिची माती व्हायची. ही बाग कुण्या भाड्याने आणलेल्या माळ्याची नव्हती. कॅन्टीनमध्ये काम करणाऱ्या माणसांनीच ती सांभाळली. पुढे 2009 च्या सुमारास यातूनच "अर्बन लीव्ह्ज" नावाचा स्वयंसेवकांचा गट उभा राहिला. धारावीजवळच्या महाराष्ट्र निसर्ग उद्यानात आणि माटुंग्याच्या एका शाळेच्या गच्चीवर या मंडळींनी बागा केल्या, इतरांना शिकवल्या.

पण गोदीतल्या गच्चीला ही विद्या कुठून मिळाली? एक धागा वांद्र्याच्या डॉ. आर. टी. दोशी यांच्याकडे जातो. त्यांनी आपल्या गच्चीवर फार थोडी माती वापरून भाज्या आणि फळं घेतली. मातीच्या जागी त्यांनी वापरली ती उसाची चिपाडं, रसवंतीवाला रस काढून फेकून देतो ती. ती वजनाला हलकी असतात, पाणी धरून ठेवतात आणि फुकट मिळतात. गच्चीवर ओझं नको, हा शहरातला पहिला प्रश्न त्यांनी असा सोडवला.

दुसरा धागा थेट कोल्हापूरला जातो, तिथले गणिताचे प्राध्यापक श्रीपाद दाभोलकर यांच्याकडे. अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचे हे थोरले बंधू. गणिताच्या माणसाने शेतीत लक्ष घातलं आणि ऊन, पाणी, पानांचा पसारा यांचा हिशेब मांडला. पाच माणसांचं कुटुंब 10 गुंठ्यांत नीट जगू शकेल का, हा त्यांचा ध्यास होता. शेतकऱ्याने तज्ज्ञाच्या हुकमाची वाट न पाहता स्वतःच प्रयोग करावा, नोंद ठेवावी आणि जे कळलं ते दुसऱ्याला सांगावं, असं त्यांचं म्हणणं. अशी माणसं त्यांनी भेटीगाठींतून आणि पत्रांतून जोडली आणि त्या गोतावळ्याला "प्रयोग परिवार" म्हटलं. कमी पाण्याच्या तासगाव भागात द्राक्षाची जी बागायत उभी राहिली, तिच्यामागे अशा शेतकऱ्यांच्या आपसातल्या शिकण्याचा मोठा हात आहे.

"प्रयोग परिवार" हा शब्द वाचला आणि आमच्या शाळेतल्या बागेत काय चुकलं ते माझ्या लक्षात आलं. आम्ही वाफे केले, बी टाकलं, पाट्या रंगवल्या. परिवार मात्र केला नव्हता. बाग माझ्या एकटीच्या उत्साहावर उभी होती. मी सुट्टीवर गेले, बाग गेली.

पुढच्या वर्षी मी शाळेच्या आधी इमारतीच्या गच्चीपासून सुरुवात करायचं ठरवलं. तिसऱ्या मजल्यावरच्या खालांना सांगितलं. त्यांचं माहेर दापोलीकडचं, बालपण परसातल्या पडवळ-दुधीच्या मांडवाखाली गेलेलं. मला वाटलं होतं, त्या कुठलं बी लावायचं ते सांगतील. त्या म्हणाल्या, "अगं टीचर, झाडं लावायला सगळे येतील. मे महिन्यात पाणी कोण घालणार, ते आधी लिही."

प्रश्न अगदी नेमका होता. आमच्या इमारतीत बरीच कोकणी घरं. मे महिना आला की आंबे-फणसासाठी अर्धी इमारत गावाला जाते. मग मागे राहतं कोण? आम्ही मोजायला बसलो तेव्हा आपलीच लाज वाटली. मागे राहतात ती भाडेकरू कुटुंबं, वॉचमनचं कुटुंब आणि गावाला जाण्याची ताकद न उरलेली दोन-तीन वयस्क माणसं. आणि पहिल्या बैठकीला आम्ही यातल्या एकालाही बोलावलं नव्हतं. फ्लॅट ज्यांच्या नावावर, त्यांचीच बैठक!

दुसरी बैठक सगळ्यांची झाली. तळमजल्यावर भाड्याने राहणाऱ्या एका भाभी पहिल्यांदा गच्चीवर आल्या. त्या गावी शेतात काम केलेल्या. आमच्या कुंड्या पाहून त्या हसल्या. "ह्याच्या बुडाला भोकच नाही, पाणी जाणार कुठे?" म्हणाल्या. त्या दिवसापासून आमच्या बागेच्या मास्तरीण त्या झाल्या.

आम्ही काय केलं, ते थोडक्यात सांगते. कदाचित तुमच्या मोहल्ल्यात उपयोगी पडेल.

सर्वांत वरच्या मजल्यावरच्या कुटुंबाला गळतीची भीती होती, ती आधी ऐकून घेतली. गच्चीवर माती पसरली नाही. फळांचे प्लास्टिकचे क्रेट आणि जुने ड्रम कठड्याच्या कडेने, विटांवर उचलून ठेवले. ओली माती फार जड होते, म्हणून निम्म्याहून जास्त वाळका पाला आणि उसाची चिपाडं घातली. पहिल्या पावसात त्यांच्या घरचं छत रोज पाहायचं, ओल दिसली तर त्या बाजूचे क्रेट त्याच दिवशी हलवायचे, असं ठरलं.

मातीसाठी दाभोलकरांच्या परंपरेतल्या दीपक सचदे यांनी रुजवलेली "अमृत मिट्टी"ची पद्धत मुंबईच्या अनेक बागांत वापरतात. 10 लिटर पाण्यात 1 किलो ताजं शेण, 1 लिटर गोमूत्र आणि 50 ग्रॅम काळा गूळ तीन दिवस मुरवतात, मग दहापट पाणी घालून त्यात वाळका पाला भिजवतात आणि पाल्याचे व मातीचे थर देतात. आम्ही गोमूत्र घेतलं नाही. तबेल्यातलं शेण, गूळ आणि पाला इतक्यावरच काम भागवलं. जरा सावकाश झालं, पण चार-पाच महिन्यांत पाल्याचा चहाच्या पावडरीसारखा काळा, भुसभुशीत चुरा झाला. त्याला पावसानंतरच्या जमिनीचा वास येतो. घाण वास आला तर समजा, ओल जास्त झाली. वाळका पाला घालून ढवळायचं.

यात फळा-भाज्यांच्या साली, चहाचा धुतलेला चोथा आणि अंड्यांची टरफलं चालतात. उरलेली बिर्याणी, हाडं, तेलकट-खारट काही नाही, नाहीतर उंदीर आलेच. बकरी ईदच्या आधी इमारतीखाली बकरे बांधतात, तेव्हा उरलेला चारा आणि लेंड्या आपण झाडून कचऱ्यात देतो. शेतकरी लेंडीखत पैसे मोजून घेतो हे आम्हाला भाभींनी सांगितलं. आता तो सगळा चारा आणि लेंड्या गच्चीवर जातात आणि तीन-चार महिने कुजल्यावरच वापरतात. जवळच्या मशिदीत वुजूचं पाणी सरळ गटारात जातं. त्यात साबण नसतो, ते झाडांना चालतं. तिथल्या जबाबदार मंडळींशी बोलणं चालू आहे. अजून पाइप बसलेला नाही.

लावायचं काय? सुरुवातीला लवकर येणारं. स्वयंपाकघरातल्या डब्यातली मेथी टाकली तर महिन्याभरात भाजी. धणे हलके रगडून पेरले तर सव्वा महिन्यात कोथिंबीर. लाल माठ तसाच लवकर. पुदिना आणि गवती चहा एकदा लागले की पुन्हा विकत घ्यावे लागत नाहीत. मिरची, वांगी यांना धीर हवा. ड्रममधला शेवगा पाल्यासाठीच लावावा. त्याचा कोवळा पाला डाळीत घालायचा.

आणि पाळी. दाराशेजारी कागद चिकटवला आहे, त्यावर वार आणि घराचा नंबर, नाव नाही. नियम तीनच. ज्याची पाळी त्याने पाणी घालायचं आणि त्या दिवशी लागेल तेवढं खुडायचं. पाळी चुकणार असेल तर दुसऱ्याला सांगून जायचं. आठवड्यातली एक जुडी आजाऱ्याच्या किंवा एकट्या राहणाऱ्या माणसाच्या घरी जायची. भांडणं झाली नाहीत असं नाही. एकदा सगळी वांगी एकाच घरात गेली, आठ दिवस अबोला होता. मग खालांनी त्या घरी जाऊन भरलेल्या वांग्यांची रेसिपी विचारली आणि विषय संपला.

खरं सांगायचं तर या बागेवर कुणाचं घर चालत नाही. कांदे, बटाटे, टोमॅटो बाजारातूनच येतात. पण कोथिंबीर, पुदिना, मिरची आणि आठवड्यातून एक पालेभाजी यांचा खर्च बऱ्यापैकी वाचतो. जिन्याखालच्या पिशव्या निम्म्यावर आल्या. आणि ज्या भाभींना चार वर्षं कुणी सलामापलीकडे बोललं नव्हतं, त्यांच्या दारावर आता रोज कुणी ना कुणी काहीतरी विचारायला उभं असतं.

मुसलमानाने लावलेल्या झाडातून किंवा पेरलेल्या पिकातून माणसाने, पाखराने, जनावराने काही खाल्लं तर तो त्याच्यासाठी सदका ठरतो, ही हदीस आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. टोमॅटोवर बुलबुल बसला की आमची मुलं आता एकदम हाकलत नाहीत. आधी जरा वाद घालतात, मग हाकलतात!

गेल्या मे महिन्यात आम्ही गावाला गेलो तेव्हा चावी भाभींकडे होती. त्या आणि वॉचमनची मुलगी रोज फजरनंतर पाणी घालत होत्या. दोन क्रेट वाळले, बाकी सगळं जगलं. जाताना भाभींनी एकच अट घातली होती, "तुम्ही गावाहून आंबे आणाल ते आणा, पण बी आणा." त्यामुळे या वेळी प्रत्येक घराच्या सामानात एक पुडी होती. पडवळ, चिबूड, कडवे वाल, कुणाच्या आजीने राखेत ठेवलेल्या दुधीच्या बिया. ज्या भाज्या आमच्या मुलांनी फक्त आजीच्या तोंडून ऐकल्या होत्या, त्या आता गच्चीवर रुजत आहेत. पाणी घालणारी माणसं बहुतेक बिहारची, बी कोकणचं.

या वर्षी शाळेतली परसबाग पुन्हा सुरू केली आहे. वाफे करण्याआधी शाळेजवळच राहणाऱ्या सहा घरांची यादी केली, सुट्टीतल्या पाळीसाठी. तो टोमॅटोचा प्रश्न विचारणारी मुलगी आता सहावीत आहे. यादीतलं पहिलं घर तिचं आहे.