हिवाळ्यातील बीट आणि शिरक्याची बरणी

मार्गशीर्ष लागला की सुरतेच्या भाजीबाजारात पापडी आणि ओली हळद यांच्या जोडीला बीटही मुबलक येते. गेल्या हिवाळ्यात आमच्या सौ.नी दोन किलो बीट उकडले, फोडी करून मोहरीचा मसाला लावला आणि कैरीच्या लोणच्याप्रमाणे बरणीत भरले. वर बोटभर तेल सोडले, दादरा बांधला, बरणी फळीवर गेली. आठ दिवसांनी पाहतो तो तेलातून बुडबुडे येत होते. "जरा चव घेऊन पाहते," म्हणून त्यांनी चमचा उचलला. मी तो हातातून काढून घेतला. त्या दिवशी जेवताना घरात कोणी फारसे बोलले नाही.

त्यांचा प्रश्न मात्र रास्त होता. "तीस वर्षे कैरी अशीच घालते, ती कशी नासत नाही?"

लोणचे हा शब्द लवणापासून आला. त्यात मीठ आहे, आंबटपणाचा उल्लेख नाही. कारण आंबटपणा कैरी आणि लिंबू स्वतःच घेऊन येतात. बीट मुळात गोड. आम्लता मोजण्याच्या पी.एच. मापात आकडा जितका लहान तितका पदार्थ आंबट. बीटाचा आकडा पाचाच्या वर असतो, आणि ४.६ च्या वर बोटुलिझमचे जंतू वाढून विष तयार करू शकतात. त्यांची बीजे मातीत असतात आणि बीट तर मातीतच वाढते. साध्या उकळण्याने ती बीजे मरत नाहीत. त्यांना हवा नको असते. आपण मोठ्या काळजीने ओतलेले बोटभर तेल नेमकी हवाच तोडते! शिवाय हे विष असलेल्या अन्नाला वास किंवा निराळी चव असेलच असे नाही. म्हणून चाखून पारख करणे हाच मोठा धोका.

हे विलायती भय नव्हे. १९९६ साली गुजरातमधील एका निवासी शाळेचे ३४ विद्यार्थी अशाच विषबाधेच्या संशयाने आजारी पडले. संशय गेला तो उष्ण हवेत प्लास्टिकच्या पिशव्यांत ठेवलेल्या शेवेवर. शाळामास्तराच्या मनातून असा आकडा सहजी जात नाही. एकाच्या दोन वस्तू दिसणे, पापण्या जड होणे, घास गिळता न येणे ही लक्षणे दिसताच रुग्णालय गाठावे. घरगुती काढ्यात वेळ दवडू नये.

मग बीट टिकवावे कसे? उत्तर आपल्या शेजारीच आहे. नवसारीच्या कोलाह यांचा उसाचा शिरका १८८५ पासून प्रसिद्ध आहे, आणि पारशी मंडळींच्या लग्नातले गाजराचे अचार शिरक्यातच मुरते. गाजरही गोडच, त्याला आंबटपणा बाहेरून दिला जातो.

बीट लहान घ्यावे. देठ दोन बोटे राखून व शेपटी न कापता उकडावे, म्हणजे रंग पाण्यात उतरत नाही. पंचवीस-तीस मिनिटांत ते शिजते. मग साल काढून चकत्या कराव्या. एक किलो बीटास ३०० मिलिलिटर शिरका, १५० मिलिलिटर पाणी, १२५ ग्रॅम साखर, अर्धा चमचा मीठ, दालचिनी आणि चार लवंगा. हे प्रमाण ५ टक्के आम्लतेच्या शिरक्याचे आहे. आपल्या बाजारातील पुष्कळ बाटल्यांवर ४ टक्के लिहिलेले असते. तसे असेल तर पाणी मुळीच घालू नये. साखर आवडीप्रमाणे कमीजास्त चालेल, शिरका कमी करू नये. लिंबू अंदाजाने पिळून त्याची जागा भरून निघत नाही. स्टीलच्या पातेल्यात चकत्यांसह पाच मिनिटे उकळावे. तांब्या-पितळेचे भांडे नको. उकळत्या पाण्यातून काढलेल्या काचेच्या बरणीत चकत्या बुडतील असे भरावे, निवल्यावर फ्रिजमध्ये ठेवावे आणि महिन्याभरात संपवावे. सुरतेच्या उकाड्यात फळीवर ठेवण्याचा मोह टाळावा.

बीट खाल्ल्यावर काहींची लघवी तांबूस होते. तो रंगच असतो, घाबरू नये.

आमच्याकडे आता बरणीवर तारखेची चिठ्ठी मी स्वतः लावतो. सौ. म्हणतात, "ही काय उत्तरपत्रिका आहे?" पण चिठ्ठी त्यांनी अजून काढलेली नाही.