घरचा लहान फ्रीज : मेस्त्री बोलावण्याआधी



विहिरीवरची मोटार पाणी ओढेनाशी झाली, तर आपण ती लगेच उचलून रिवाइंडिंगला नेत नाही. आधी फ्यूज बघतो, मग फूटव्हॉल्व्ह. घरच्या एका दाराच्या फ्रीजचेही तसेच करावे. पुष्कळदा मशीन ठीक असते, अडचण बाहेर असते.

आता फ्रीजात नुसते दूध-भाजीच नसते. घरातल्या मधुमेही माणसाचे न वापरलेले इन्सुलिन असते, कधी जनावरांची लाळ-खुरकूतची लस असते. ही औषधे २ ते ८ अंश सेल्सिअसमध्येच राहिली पाहिजेत. तापून किंवा गोठून वाया गेली तरी वरून कळतीलच असे नाही. म्हणून फ्रीजकडे लक्ष हवे.

फ्रीज आतली उष्णता ओढून बाहेर टाकतो. पाणथळ उसातून चर पाणी काढतो, तसेच हे. चराचे तोंड बुजले की पाणी आतच राहते.

गार कमी होतो : मागची काळी जाळी म्हणजे हे चराचे तोंड. फ्रीज भिंतीपासून १० सेंटिमीटर तरी पुढे ठेवा. जाळीवर धूळ, चुलीचा धूर, पाचट जाळल्याची काजळी बसते (पाचट जाळू नये, हे वेगळे सांगायला नकोच!). प्लग काढून मऊ ब्रशने झाडा. काही फ्रीजांत ही जाळी बाजूच्या पत्र्याआड असते. तिथे पत्रा गरम लागला तर तो बिघाड नव्हे.

दार नीट बसत नाही : दारात कागद धरून दार लावा व कागद ओढा. सहज निसटला तर रबर सैल आहे. साबणाच्या पाण्याने पुसून बघा, नाहीतर बदला.

बर्फ फार साठतो : बर्फाचा थर म्हणजे गोधडीच, थंडी खाली उतरत नाही. अर्धा सेंटिमीटर थर झाला की फ्रीज बंद करून बर्फ वितळू द्या. सुरी, उलथने अजिबात लावू नका. नळीला भोक पडले की गॅस जातो. नव्या लहान फ्रीजांत बहुधा आर-६००ए हा पेट घेणारा गॅस असतो. भोक पडलेच तर दारे-खिडक्या उघडा; काडी ओढू नका, बटणही दाबू नका.

गुरगुरतो, टक् वाजून बंद पडतो : वस्तीवर व्होल्टेज पडले की असे होते. फ्रीज बंद करा. व्होल्टेज सुधारल्यावर, पण ५ मिनिटे थांबूनच सुरू करा. रोजचेच असेल तर स्टॅबिलायझर घ्या. व्होल्टेज ठीक असूनही तसेच होत असेल, तर मात्र मेस्त्रीचे काम.

भाजीच्या ट्रेखाली पाणी : आत मागच्या बाजूचे पाणी जायचे भोक बुजलेले असते. कोमट पाणी सोडून मोकळे करा.

हाताला झिणझिण्या : याला थांबायचे नाही. मेन स्विच बंद करा आणि वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या. तोवर पोराबाळांना जवळ जाऊ देऊ नका.

लाइट गेली तर दार उघडू नका. बंद फ्रीज साधारण ४ तास थंडी धरतो. औषध बर्फाच्या कप्प्याला चिकटून ठेवू नका, दारातही नको. मधल्या फळीवर ठेवा. शेजारी एक साधा थर्मामीटर असू द्या. काटा २ च्या खाली किंवा ८ च्या वर फार वेळ राहिला, तर डॉक्टरांना, जनावरांचे असेल तर पशुवैद्यकांना विचारल्याशिवाय औषध टोचू नका.

एवढे बघूनही फ्रीज गार झाला नाही, तर मेस्त्रीला बोलवा आणि काय काय तपासले ते सांगा. त्याचा वेळ वाचेल, तुमचे पैसे.

— ऊस विकास अधिकारी