आरसे, मोटारगाडीचे

मोटारगाडीच्या चालकाला मागे न वळता मागील व बाजूंचा रस्ता दिसावा म्हणून बसविण्यात येणारे आरसे. सामान्यतः समोरच्या काचेजवळ आत एक व पुढील दोन्ही दारांवर बाहेर एकेक असे तीन आरसे असतात. या तिन्हींचे काम परस्परपूरक असते. तथापि ते मिळूनही गाडीभोवतीचे सर्व क्षेत्र दाखवू शकत नाहीत.

इतिहास : डॉरोथी लेव्हिट या ब्रिटिश मोटारचालक महिलेने १९०९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात मागील रहदारी पाहण्यासाठी हातआरसा जवळ बाळगावा, असे सुचविले होते. १९११ मध्ये इंडियानापोलिस (अमेरिका) येथे ५०० मैलांची (सु. ८०५ किमी.) पहिली शर्यत झाली. इतर स्पर्धकांबरोबर मागील गाड्यांवर नजर ठेवणारा यंत्रज्ञ असे. रे हॅरून हे मात्र एकटेच होते आणि त्यांनी यासाठी गाडीवर आरसा बसविला होता. ही शर्यत त्यांनीच जिंकली.

कार्य : आरशावर पडणारा किरण ज्या कोनात येतो त्याच कोनात परावर्तित होतो. त्यामुळे आरसा १ अंशाने वळविला, तर चालकाची परावर्तित दृष्टिरेषा २ अंशांनी वळते. एवढ्यानेच २० मी. मागे दिसणारी जागा सु. ७० सेंमी. सरकते. धक्क्याने किंचित हललेला आरसाही पुन्हा जुळवावा लागतो, तो यामुळेच.

आतील आरसा सपाट असल्याने त्यातील प्रतिमेवरून अंतराचा अंदाज बरोबर येतो. परंतु त्याचे दृष्टिक्षेत्र मर्यादित असते. बाहेरचे आरसे भारतात बहुधा बहिर्गोल असतात. त्यांत विस्तृत क्षेत्र दिसते, पण प्रतिमा लहान होते. उदा., १·२ मी. वक्रता त्रिज्येच्या आरशापासून १ मी.वर डोळा असल्यास २० मी. मागील गाडी सपाट आरशातील आकाराच्या सु. दोन पंचमांश दिसते आणि ५० मी.हून दूर असल्याचा भास होतो. म्हणून मार्गिका बदलण्यापूर्वी अंतराचा अंदाज आतील आरशावरून घेणे श्रेयस्कर असते.

रात्री मागील दिव्यांनी डोळे दिपू नयेत म्हणून आतील आरशाची काच पाचरीच्या आकाराची करतात. दिवसा तिच्या मागील चकचकीत लेपावरून परावर्तन होते. खालची कळ फिरविल्यावर लेपावरून येणारा प्रकाश छताकडे जातो आणि काचेच्या पुढील पृष्ठभागावरून परावर्तित होणारा सु. ४ टक्के प्रकाशच डोळ्यांत शिरतो. काही गाड्यांत विद्युत् दाबाने आपोआप काळवंडणारे आरसे असतात.

जुळवणी : प्रथम बैठक व पाठ टेकण्याचा कोन निश्चित करावा, कारण डोळ्यांची जागा बदलली की सर्व जुळवणी बदलते. मग मागील काच पूर्ण दिसेल असा आतील आरसा लावावा. बाहेरच्या आरशांत आपल्या गाडीच्या बाजूची अरुंद पट्टी दिसावी व क्षितिज साधारण मध्यभागी यावे, ही रूढ पद्धत होय. तिच्यात तिन्ही आरशांत बराचसा भाग तोच तो दिसतो आणि शेजारच्या मार्गिकेतील वाहन अंधक्षेत्रात लपू शकते. अमेरिकन अभियंते जॉर्ज प्लॅट्झर यांनी १९९५ मध्ये या दोषाचे भूमितीय विवेचन करून आरसे अधिक बाहेर वळविण्याची पद्धत मांडली. उजव्या हाताला सुकाणू असलेल्या गाडीत डोके उजव्या खिडकीजवळ नेऊन उजवा आरसा आणि गाडीच्या मध्यावर आणून डावा आरसा असा लावावा, की गाडीची बाजू जेमतेम दिसेल. नंतर नेहमीप्रमाणे बसल्यावर ती दिसत नाही. ओलांडून जाणारे वाहन आतील आरशातून नाहीसे होण्यापूर्वी बाहेरच्या आरशात आणि त्यातून जाण्यापूर्वी डोळ्यांच्या कडेला दिसले, तर जुळवणी योग्य समजावी. गाडी उभी करताना मात्र रूढ मांडणी सोयीची ठरते.

बदलणे : कडेने ओलावा शिरून लेपावर काळे डाग पडल्यास किंवा काच तडकल्यास ती बदलावी. पुष्कळ गाड्यांत संपूर्ण आरसा न बदलता केवळ काच बदलता येते. ती मागील पट्टीसह प्लॅस्टिकच्या खिट्ट्यांवर बसविलेली असते. हातमोजे व चष्मा घालून, फुटलेल्या काचेवर चिकटपट्टी लावून, एक कड आत दाबावी व समोरची कड प्लॅस्टिकच्या चपट्या साधनाने हळूहळू उचकटावी. दव घालविणारा तापक असल्यास त्याच्या तारा सोडवून नव्या काचेला जोडाव्यात. नवी काच मध्यभागी समान दाब देऊन खिट्ट्यांत बसवावी व पुन्हा जुळवावी. तिची वक्रता मूळ काचेइतकीच असावी. बहिर्गोल काचेऐवजी साधी सपाट काच कापून चिकटविल्यास दृष्टिक्षेत्र आकुंचित होते आणि चालकाला त्याची जाणीव राहत नाही.

मर्यादा : मागील काचेच्या खालच्या कडेपेक्षा बुटका अडथळा किंवा गाडीला खेटून बसलेले मूल कोणत्याही जुळवणीत दिसत नाही. भारतात १ जुलै २०१९ पासून उत्पादित होणाऱ्या प्रवासी मोटारगाड्यांत मागे घेताना अडथळ्याची सूचना देणारे संवेदक बंधनकारक आहेत. मालमोटारींत समोरच्या व डाव्या बाजूचे अंधक्षेत्र मोठे असल्याने अधिक वक्रतेचे जादा आरसे बसवितात. तरीही वळण्यापूर्वी खांद्यावरून एकदा पाहणे आणि गाडी मागे घेण्यापूर्वी तिच्यामागे जाऊन पाहणे, यांची जागा आरसा घेऊ शकत नाही.