कर्णबधिर बालकाचा दूरध्वनी

ऊसतोडीच्या हंगामात अर्धापूर तालुक्यातील एका शाळेस भेट देण्याचा योग आला. त्या वेळी एका पालकाचा साखर कारखान्याजवळील कोप्यांवरून फोन आला. त्यांची कन्या इयत्ता पाचवीत शिकते. तिला ऐकू येत नाही व बोलताही येत नाही. गुरुजी वर्गावर असल्याने फोन मी घेतला आणि "मुलगी बरी आहे, काळजी नसावी," असे सांगून मोकळा झालो. जवळच उभ्या असलेल्या त्या मुलीने पाटी पुढे केली. तीवर लिहिले होते : 'आईचा ताप उतरला का?' प्रश्न कळताच वडील क्षणभर थांबले. "उतरला म्हणावं," ते म्हणाले. मी तिच्याविषयी बोललो होतो. तिचे बोलणे मात्र पोहोचविले नव्हते.

हे पोहोचविण्याचे काम करणारी व्यवस्था म्हणजे दूरध्वनी मध्यस्थ सेवा. दूरध्वनीचे पेटंट १८७६ मध्ये मिळविणारे अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल हे स्वतः कर्णबधिरांचे शिक्षक होते व त्यांच्या पत्नीस ऐकू येत नसे. तथापि त्यांचे यंत्र कर्णबधिरांच्या उपयोगी पडले नाही. १९६४ च्या सुमारास अमेरिकेत रॉबर्ट वाइटब्रेख्ट या कर्णबधिर भौतिकशास्त्रज्ञाने टंकलेखन यंत्राची अक्षरे साध्या दूरध्वनीवरून पाठविण्याची युक्ती काढली. परंतु तेथे दोन्ही टोकांस यंत्र लागे. म्हणून मध्ये तिसरी व्यक्ती आली. कर्णबधिर मनुष्य लिहितो, मध्यस्थ ते पलीकडे वाचून दाखवितो व आलेले उत्तर लिहून कळवितो. १९९० च्या कायद्यान्वये अमेरिकेत ही सेवा १९९३ पासून देशभर सुरू झाली. पुढे व्हिडिओ कॉलवर सांकेतिक भाषेतूनही ती मिळू लागली. आपल्याकडे दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राने सप्टेंबर २०२३ मध्ये व्हॉट्सअॅप व्हिडिओ कॉलद्वारे अशा सेवेचा आरंभ केला.

मध्यस्थाचे नियम आपणांसही लागू पडतात. 'ती म्हणते की' असे न म्हणता 'मी' या प्रथमपुरुषातच बोलावे. पदरचा शब्द घालू नये, कटू शब्द गाळू नये. ऐकलेले बाहेर सांगू नये. पूर्वी गावात दुसऱ्यांची पत्रे लिहिणाऱ्या शिक्षकांस हा धर्म ठाऊक होता.

मात्र एक अडचण मोठी आहे. मध्यस्थ भाषा पोहोचवितो; ती निर्माण करू शकत नाही. ज्या बालकास ना लेखन येते ना सांकेतिक भाषा, त्याच्यासाठी ही सेवा असून नसल्यासारखीच. घरातील चार खुणांनी जेवण मागता येते, आईच्या तापाची विचारपूस करता येत नाही. अशा मुलास मागील बाकावर बसवून चित्रे रंगविण्यास देणे ही दया नव्हे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ यात सांकेतिक भाषा जाणणारे शिक्षक तयार करण्याची तरतूद आहे. ते येईपर्यंत निदान लेखन शिकविणे आपल्या हाती आहे. प्रथम प्रश्नवाचक शब्द शिकवावेत : कोण, कोठे, केव्हा, का. नुसती वस्तूंची नावे शिकलेले मूल विचारू शकत नाही.

त्या शाळेत गुरुजींनी आता फोनसाठी एक वही ठेवली आहे. मुलगी रविवारच्या फोनसाठी आपले प्रश्न शनिवारीच लिहून ठेवते.