दहा कार्डं खरवडली, एकही बक्षीस नाही: दहावीचं गणित आणि आपलं दुकान



मागच्या व्हिडिओत दिवाळीच्या स्कीमबद्दल बोलताना मी एक वाक्य घाईघाईत बोलून गेलो, की स्क्रॅच कार्डाचं गणित समजल्याशिवाय कार्डं छापायला टाकू नका. त्यावर बऱ्याच जणांनी विचारलं, "सर, त्यात कसलं आलंय गणित? पाचशे कार्डं छापायची, पन्नासांत बक्षीस टाकायचं, झालं की!"

मलाही असंच वाटायचं, आणि तेही बीबीएला बिझनेस स्टॅटिस्टिक्सचा पेपर पास होऊन. तो पेपर मी पाठ करून काढला होता हे तुमच्यापासून लपवत नाही.

आमचं दुकान सुकामेवा आणि फरसाणचं. तीन वर्षांपूर्वी दिवाळीला आम्ही बरोब्बर हीच स्कीम काढली. ५०० कार्डं, त्यांत ५० बक्षिसं, आणि दुकानाबाहेर फ्लेक्स: "दर दहा कार्डांत एक बक्षीस!" प्रत्येक गिफ्ट बॉक्सवर एक कार्ड. छोटं वर्कशॉप चालवणारे एक काका वडिलांच्या काळापासून आमचं गिऱ्हाईक. ते दरवर्षी कामगारांसाठी दहा बॉक्स न्यायचे. त्या वर्षीही नेले, दहा कार्डं घेतली आणि काउंटरवर उभं राहूनच नाण्याने खरवडली. दहाच्या दहा रिकामी.

काका म्हणाले, "अरे, बाहेर तर लिहिलंय दर दहात एक. माझं कुठंय?"

मी हसत म्हणालो, "काका, नशिबाचा खेळ आहे हो."

त्यांनी एकदा फ्लेक्सकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. एवढंच म्हणाले, "तुझ्या वडिलांनी असा बोर्ड कधी लावला नव्हता." त्यानंतर ते दुकानात आले नाहीत.

त्या रात्री माझी भाची गल्ल्यामागे बसून दहावीचं बीजगणित करत होती. आपल्या बोर्डाच्या दहावीच्या गणित भाग १ मध्ये संभाव्यता नावाचं प्रकरण आहे, तेच चालू होतं. मी तिला दुपारचा किस्सा रंगवून सांगितला. तिने वहीच्या मागच्या पानावर काहीतरी मांडलं आणि विचारलं, "मामा, दहा कार्डं घेणारी अशी किती गिऱ्हाइकं आहेत तुझी?" मी म्हटलं, असतील वीसेक. ती म्हणाली, "मग त्यातली सात जण असेच रिकाम्या हाताने जाणार."

मी म्हटलं, काहीतरीच काय? दहात एक म्हणजे दहा कार्डांत एक यायलाच पाहिजे की!

इथेच आपण सगळे फसतो, म्हणून इथे जरा थांबू. तिने काय केलं ते बघा. एक कार्ड रिकामं निघण्याची संभाव्यता ९/१०, म्हणजे ०.९. पहिलं रिकामं "आणि" दुसरंही रिकामं, तर ०.९ × ०.९ = ०.८१. "आणि" आलं की गुणाकार. असं दहा वेळा गुणत जा. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर आत्ताच करून बघा, लेख कुठे पळत नाही. उत्तर येतं साधारण ०.३५. म्हणजे दहा कार्डं घेणाऱ्या शंभरांतले पस्तीस जण एकही बक्षीस न मिळवता जाणार. तीनात एकापेक्षा थोडे जास्तच!

हुशार वाचक म्हणेल, पण डबा तर एकच आहे, कार्ड काढलं की ते परत टाकत नाही, मग ०.९ कायम कसा राहील? बरोबर आहे. पहिल्या वेळी ४५०/५००, दुसऱ्या वेळी ४४९/४९९, असं गुणत गेलं पाहिजे. तसं केलं तर उत्तर ०.३४५ च्या आसपास येतं. पाचशेच्या डब्यात एवढ्याने काही बिघडत नाही. डब्यात वीसच कार्डं असती तर मात्र फरक मोठा पडला असता.

म्हणजे काकांवर काही विशेष संकट कोसळलं नव्हतं. माझी स्कीमच अशी होती, आणि मी ती फ्लेक्सवर वेगळ्याच भाषेत लिहून ठेवली होती. "दर दहा कार्डांत एक" हे वाचून माणूस काय समजतो? दहा घेतली की एक नक्की. गणितात त्याचा अर्थ फक्त सरासरी. माझ्या फ्लेक्सने गिऱ्हाइकाला एक शब्द दिला आणि माझ्या डब्याने तो पाळला नाही. वर मी हसलो.

भाचीला पुढे विचारलं, मग किती कार्डं घेतल्यावर बक्षीस जवळजवळ नक्की? "निदान एक" असा प्रश्न आला की सरळ वाटेने जायचं नाही, हे तिच्या बाईंनी शिकवलेलं. उलट बाजूने जायचं. एकही न मिळण्याची संभाव्यता काढायची आणि १ मधून वजा करायची. ०.९ ला गुणत गुणत गेलं तर २९ व्या कार्डाला ती ०.०५ च्या खाली जाते. म्हणजे ९५ टक्के खात्री हवी तर २९ कार्डं. दहा नव्हे, एकोणतीस! हा आकडा मला फ्लेक्स छापायच्या आधी माहीत असता तर मी तो फ्लेक्स छापला नसता.

काही जण म्हणतील, सोपं आहे, दहा-दहाचे गठ्ठे करा आणि प्रत्येक गठ्ठ्यात एक बक्षीस टाका. मीही आधी हेच म्हटलं. पण विचार करा, नऊ कार्डं रिकामी गेली की दहावं बक्षिसाचं आहे हे काउंटरवरच्या पोराला शंभर टक्के माहीत असतं. ते कार्ड मग त्याच्या मित्रालाच जातं. पोरगा वाईट असतो असं नाही. आपणच त्याच्यासमोर उत्तरपत्रिका ठेवलेली असते.

आता पैशाचं बघू. माझं एक बक्षीस ३०० रुपयांचं होतं. ५० बक्षिसं म्हणजे १५,००० रुपये. ते ५०० कार्डांवर वाटले तर एका कार्डामागे ३० रुपये. याला अपेक्षित किंमत म्हणतात. म्हणजे मी प्रत्येक बॉक्समागे ३० रुपये खर्च करतच होतो, फक्त दहातल्या नऊ जणांना ते दिसत नव्हते. दुसऱ्या वर्षी मी कार्डं बंद केली आणि त्याच ३० रुपयांत प्रत्येक बॉक्सबरोबर खाऱ्या शेंगदाण्यांचं पाकीट दिलं. खर्च तोच, आणि रिकाम्या हाताने कोणी नाही.

आणखी एक, हे गणिताबाहेरचं पण महत्त्वाचं. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये अनुचित व्यापारी प्रथांची जी व्याख्या आहे, तिच्यात विक्री वाढवण्यासाठी घेतलेल्या सोडती आणि नशिबाचे खेळसुद्धा येतात. जाहीर केलेलं बक्षीस द्यायचाच इरादा नसणं, स्कीम संपल्यावर निकाल न कळवणं, हेही येतं. म्हणून "लकी ड्रॉ" असा बोर्ड लावण्याआधी वकिलाला एकदा विचारा. सगळ्याच दुकानांत चालतं म्हणून आपल्याला चालेल, असं समजू नका.

बरं, संभाव्यतेवरून आता परम्युटेशन आणि कॉम्बिनेशनकडे वळू. अकरावीत गेल्यावर याचीच भीती वाटते. सूत्रं दोन, आणि कुठलं कधी लावायचं तेच कळत नाही. माझा उपाय साधा आहे. सूत्र बाजूला ठेवा आणि एकच प्रश्न विचारा: अदलाबदल केली तर गिऱ्हाइकाला फरक पडतो का?

आमच्याकडे चार कप्प्यांचा बॉक्स आहे. त्यात काजू, बदाम, मनुका, पिस्ता, अंजीर, खारीक, अक्रोड आणि जर्दाळू या आठांतल्या कुठल्याही चार वस्तू. किती प्रकारचे बॉक्स होतील? पहिल्या कप्प्यात ८ पर्याय, दुसऱ्यात ७, मग ६, मग ५. गुणाकार १६८०. मी हाच आकडा एकदा व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसला टाकला होता, "१६८० प्रकारचे बॉक्स!" तो चुकीचा होता. काजू डाव्या कप्प्यात की उजव्या, याने गिऱ्हाइकाला काय फरक पडतो? बॉक्स तोच. चार वस्तू आपसात ४ × ३ × २ × १ = २४ तऱ्हांनी मांडता येतात, म्हणजे मी प्रत्येक बॉक्स २४ वेळा मोजला होता. १६८० ÷ २४ = ७०. खरे बॉक्स सत्तरच.

उलट, तिजोरीच्या बॅगेला लावायचं तीन आकड्यांचं कुलूप घ्या. तिथे २-५-८ आणि ८-५-२ वेगळे. क्रम महत्त्वाचा, म्हणजे ते खरं तर परम्युटेशन कुलूप, पण जग त्याला कॉम्बिनेशन लॉक म्हणतं! आकडे परत वापरता येतात म्हणून १० × १० × १० = १०००. एका आकड्याला तीन सेकंद धरले तर पन्नास मिनिटांत सगळे तपासून होतात. रोकड त्यात ठेवायची का, ते तुमचं तुम्ही ठरवा.

पण सत्तरचा खरा उपयोग मला स्टॉकच्या वहीत झाला. आठांतली एक वस्तू संपली, समजा अंजीर, तर किती बॉक्स उरतात? सातांतून चार, म्हणजे ३५. एकच वस्तू संपली आणि निम्मे प्रकार गेले! दोन संपल्या तर १५. तीन संपल्या तर ५. चार संपल्या तर १. ७०, ३५, १५, ५, १. हे आकडे मी गोडाऊनच्या दाराला चिकटवलेत. पूर्वी "एक अंजीर तर नाहीये, बाकी सगळं आहे" म्हणून मी निवांत असायचो. आता दिवाळीच्या पंधरा दिवस आधी आठही वस्तू मोजून घेतो. सगळ्यांत महाग वस्तूची आठवण आपल्याला राहते, पण खारीक संपली तरीही पस्तीसच बॉक्स जातात.

आणि हे काही परदेशातून आलेलं फॅड नाही बरं का. भास्कराचार्यांच्या लीलावतीत, म्हणजे ११५० च्या सुमारास, सहा रसांची मिश्रणं मोजायचं उदाहरण आहे: गोड, आंबट, खारट, तिखट, कडू, तुरट. एकेक घेऊन ६, दोन-दोन घेऊन १५, तीन-तीन घेऊन २०, मग १५, ६ आणि सगळे मिळून १. एकूण ६३. फरसाणवाल्याने हे उदाहरण फ्रेम करून लावायला हरकत नाही! त्याच ग्रंथात अंकपाश नावाचा भाग आहे. शंकराच्या दहा हातांत दहा आयुधं किती तऱ्हांनी देता येतील, असं त्यात विचारलंय. उत्तर ३६,२८,८००. इथे क्रम महत्त्वाचा, कारण त्रिशूळ कुठल्या हातात आहे यावरून मूर्ती बदलते. दोन्ही उदाहरणं शेजारी ठेवली की परम्युटेशन आणि कॉम्बिनेशनमधला फरक आपोआप समजतो. भास्कराचार्यांच्या नातवाने त्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढल्याचा शिलालेख आपल्या चाळीसगावजवळच्या पाटणला आहे. त्या बाजूला गेलात तर जरूर जाऊन या.

सराव कसा करायचा? पुस्तकातले पत्ते आणि फासे असू द्या, पण आधी लहान आकडे घेऊन सगळे प्रकार हाताने लिहून काढा. आठातून चार नको, चारातून दोन घ्या. काजू-बदाम, काजू-मनुका असं लिहीत गेलात की सहाच निघतात. लिहून झाल्यावर सूत्र लावा आणि जुळतंय का बघा. मी भाचीबरोबर रोज दुकान बंद करताना एक गणित असं करायचो. महिनाभरात सूत्र पाठ करायची गरजच उरली नाही. "किंवा" आलं की बेरीज, पण दोनदा मोजलेलं वजा करायला विसरू नका. शंभर बिलांपैकी ६० मध्ये फरसाण, ५० मध्ये सुकामेवा आणि २० मध्ये दोन्ही असेल, तर फरसाण किंवा सुकामेवा असलेली बिलं ११० होणार नाहीत, ९० होतील. शंभर बिलांत एकशे दहा कशी बसतील!

काकांचं राहिलंच. मागच्या दिवाळीआधी मी त्यांच्या वर्कशॉपवर गेलो, भाचीच्या वहीचं ते पान घेऊन. ०.९ चा गुणाकार त्यांच्यासमोर करून दाखवला आणि म्हटलं, "काका, फ्लेक्स चुकीचा होता. नशिबावर ढकललं ते माझं चुकलं." त्यांनी कागद नीट वाचला, खिशातून पेन काढून एक गुणाकार स्वतः तपासला. मग म्हणाले, "हे त्याच दिवशी सांगितलं असतंस तर?" मला उत्तर देता आलं नाही. त्या वर्षी त्यांनी दोन बॉक्स नेले. बाकीचे आठ अजून दुसऱ्या दुकानातून घेतात.

आता तुमच्यासाठी गृहपाठ. तुमचा पुरवठादार दहात नऊ वेळा वेळेवर माल पाठवतो. टेम्पोवालाही दहात नऊ वेळा वेळेवर येतो. दोघांचा एकमेकांशी संबंध नाही. दिवाळीच्या तीन खेपा आहेत. तिन्ही वेळेवर पोचायच्या तर संभाव्यता किती? वही घ्या, आधी एका खेपेचं काढा, मग तिन्हींचं. माझं उत्तर पुढच्या व्हिडिओत सांगतो, पण एवढं आत्ताच सांगून ठेवतो की ते ०.९ च्या जवळपाससुद्धा नाही.