गांजाची घरगुती लागवड आणि खाजगीपणाचा हक्क

गॅरेथ प्रिन्स हे दक्षिण आफ्रिकेतील रास्ताफारी पंथाचे विधी-पदवीधर. गांजा बाळगल्याबद्दल दोनदा शिक्षा झालेली व पुढेही सेवन करण्याचा निर्धार स्पष्टपणे सांगितलेला; म्हणून त्यांना वकिलीत प्रवेश नाकारण्यात आला. धर्मस्वातंत्र्याच्या आधारे त्यांनी मागितलेली सवलत घटना-न्यायालयाने २००२ साली पाच विरुद्ध चार मतांनी फेटाळली. धार्मिक सेवन कोणते व इतर कोणते, हे पोलिसांनी ओळखावे कसे, ही बहुमताची मुख्य अडचण होती.

१८ सप्टेंबर २०१८ रोजी त्याच न्यायालयाने, प्रिन्स प्रभृतींच्याच प्रकरणात, प्रौढांस स्वतःपुरता गांजा पिकविण्याची व खाजगीत सेवन करण्याची मोकळीक एकमताने दिली. या वेळी आधार होता खाजगीपणाच्या हक्काचा. भाविक कोण हे ठरविण्याचे कारणच उरले नाही. उच्च न्यायालयाने घातलेली राहत्या घराची मर्यादाही न्या. झोंडो यांनी ‘खाजगी जागा’ अशी रुंदावली.

परंतु ज्या तत्त्वाने हक्क दिला त्यानेच त्याला कुंपण घातले. खरेदी-विक्री गुन्हाच राहिली. मग पहिले बी आणावयाचे कोठून? किती झाडे लावावयाची, हा प्रश्नही संसदेकडे गेला. तिला दिलेली मुदत चोवीस महिन्यांची. विधेयकावर राष्ट्राध्यक्षांची स्वाक्षरी झाली ती मे २०२४ मध्ये. त्यात प्रौढांमधील विनामोबदला देवघेव मान्य झाली आहे, विक्री नव्हे.